पोटमाळ्यावरचा स्टोव्ह

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तोफा, ताम्रपट आणि मोडी दप्तरे उभी राहतात. आम्हा शिरूरकरांचे तर विचारूच नका. घोडनदीच्या काठी इंग्रजांची छावणी होती, आणि १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला जी लढाई झाली तिच्यासाठी कॅप्टन स्टाँटनची पलटण आदल्या रात्री निघाली ती इथूनच. दौंडकरांना विचारले तर ते आगगाडीचा इतिहास सांगतील. तिकडे सोलापूर, इकडे मनमाड, आणि मध्ये दौंड जंक्शन! मनमाडचा फाटा १८७८ साली सुरू झाला, तेव्हापासून या गावाला रात्र अशी राहिलीच नाही. हे सगळे खरे आहे आणि मोलाचेही आहे. पण आज मी तुम्हांला गडावर नेणार नाही. तुमच्याच घराच्या पोटमाळ्यावर चढा असे सांगणार आहे. तिथे मोडक्या पाळण्यामागे, जुन्या परातीखाली एक पितळी स्टोव्ह पडलेला असेल. शेजारी काच नसलेला कंदील असेल, नशीब असेल तर एखादी गॅसबत्तीही असेल. तेवढे खाली आणा.

थंड मुलुखात खोली उबदार ठेवण्यासाठी रॉकेलवर चालणारे हीटर घरोघर असत. आता तिकडचे हौशी लोक ते जुने हीटर शोधून काढतात, त्यांचा गंज उतरवतात, वाती बदलतात आणि पुन्हा पेटते करतात. त्या उद्योगाला तिकडे चांगली प्रतिष्ठा आहे. आपल्याकडची थंडी शेकोटीवर आणि घोंगडीवर भागते, म्हणून हीटर काही आपल्या घरात शिरला नाही. रॉकेल आपल्याकडे आले ते उजेडासाठी, आणि मग चहासाठी. तेव्हा दुरुस्त करायचेच झाले तर आपल्या वाट्याला येतात ते स्टोव्ह, बत्ती आणि कंदील.

आधी शब्दांकडेच पाहा ना. कुणी रॉकेल म्हणतो, कुणी घासलेट. 'रॉक ऑइल', म्हणजे खडकातले तेल, याचे झाले रॉकेल. आणि 'गॅसलाइट'चे झाले घासलेट. साहेबाचा शब्द आपल्या आजीच्या तोंडात गेला की तो कसा घरचा होऊन बसतो, याचे याहून चांगले उदाहरण गुरुजींना वर्गात देता येणार नाही. त्यापूर्वी आपल्या भागात दिवा जळे तो करडईच्या किंवा करंजाच्या तेलावर. उजेड मंद, वात सारखी सारायची, आणि दिव्यासाठी जाळलेले करडईचे तेल फोडणीला कमी पडायचे. म्हणून पुष्कळ घरांत दिवा लावायचा तो तिन्हीसांजेला, आणि जेवणे उरकली की विझवायचा.

१८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल गावी खनिज तेलाची विहीर लागली, आणि पुढच्या पंचवीसतीस वर्षांत हे तेल गलबतांतून साऱ्या आशियात पोचले. ते यायचे चौकोनी पत्र्याच्या डब्यांत. डबा पाच अमेरिकन गॅलनांचा, म्हणजे सुमारे एकोणीस लिटरचा. असे दोन डबे एका लाकडी खोक्यात. १८९२ साली मार्कस सॅम्युएल या लंडनच्या व्यापाऱ्याने 'म्युरेक्स' नावाचे टाकीचे जहाज सुएझ कालव्यातून पूर्वेकडे पाठवले. त्याचा हिशेब असा की तेल सुटे विकू, लोक आपापली भांडी घेऊन येतील, डब्याचा खर्च वाचेल. पण लोक येईनात! कारण लोकांना तेलाइतकाच डबाही हवा होता. अमेरिकन कंपनीचा निळा डबा रिकामा झाला की त्याचे छप्पर होई, बादली होई, पिंजरा होई. शेवटी सॅम्युएलला पत्रा पाठवून जागोजागी लाल डबे तयार करून घ्यावे लागले. व्यापाराच्या इतिहासात गिऱ्हाइकाने व्यापाऱ्याला असा धडा शिकवल्याची उदाहरणे फार नाहीत. आपल्याकडे याच डब्यांच्या कावडी झाल्या, त्यांत धान्य साठले, तुळशी वाढल्या. आज वाण्याकडे खाद्यतेलाचा जो चौकोनी डबा दिसतो तो याच घराण्यातला.

दौंडला रेल्वे असल्याने तिथे रॉकेलचे आणखी एक काम होते. रात्री सिग्नलच्या हाताजवळ जो तांबडा-हिरवा उजेड दिसे तो रॉकेलच्या दिव्याचा. ते दिवे पुसायचे, भरायचे, शिडीने वर चढून लावायचे, हे बत्तीवाल्याचे काम. ड्रायव्हर, गार्ड, स्टेशनमास्तर ही नावे सर्वांना ठाऊक असतात. पण वात वाकडी कापली गेली, काच काजळली, तर अख्खी मेल अडायची, हे बत्तीवाल्यालाच ठाऊक. दौंडच्या रेल्वे वसाहतीत अजून कुणाच्या घरी तिरंगी काचांचा हातदिवा असेल तर तो भंगारात घालू नका, एवढी माझी विनंती आहे.

आता मुख्य पात्राकडे येऊ. स्वीडन देशात स्टॉकहोम शहरी फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट नावाचा एक यंत्रकारागीर होता. १८९२ च्या सुमारास त्याने वातीवाचून जळणारा, काजळी न धरणारा स्टोव्ह सिद्ध केला. त्याचे नाव 'प्रायमस'. युक्ती अशी : खाली पितळी टाकी, तिच्यात रॉकेल. पंपाने टाकीत हवा भरायची. हवेच्या दाबाने रॉकेल नळीतून वर बर्नरमध्ये चढते. बर्नर आधीच तापवलेला असतो, त्यामुळे आत गेलेल्या रॉकेलची वाफ होते. ती वाफ निपलच्या सुईएवढ्या भोकातून जोराने बाहेर पडते, हवेत मिसळते आणि निळ्या ज्योतीने जळते. ती ज्योतच मग बर्नर तापता ठेवते. म्हणजे एकदा पेटला की स्टोव्ह आपले इंधन आपणच शिजवून खातो म्हणा ना! सुरुवातीला बर्नर तापवण्यासाठी आपल्या बायका स्पिरिटात बुडवलेला काकडा लावीत. देवळातल्या पहाटेच्या काकड्याचेच नाव त्यांनी या नव्या यंत्राला देऊन टाकले, हे मला फार आवडते.

काकडा नीट जळण्याआधीच घाईने पंप मारला तर काय होते? वाफेऐवजी ओले रॉकेल वर येते आणि पिवळा भडका उडतो. हे लक्षात ठेवा, याच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

अमुंडसेन १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोचला तेव्हा त्याच्याबरोबर प्रायमस होता. पण मला त्याहून मोठी वाटते ती चहाच्या टपरीवरची कामगिरी. चूल पेटवायला सरपण हवे, फुंकणी हवी, वेळ हवा, आणि मुख्य म्हणजे घरात बाई हवी अशी समजूत! स्टोव्हने ती गरज मोडली. शिकायला पुण्यात खोली घेऊन राहिलेला मुलगा, बदलीच्या गावी एकटा आलेला मास्तर, रात्रपाळीहून परतलेला रेल्वे कामगार, एसटी थांब्यावरचा चहावाला, या सगळ्यांच्या हाताला आग आली. फर् असा तो आवाज पहाटे कानी पडला की समजावे, कुणीतरी गावाला निघाले आहे. नाहीतर घरात आजारी माणूस आहे.

गॅसबत्तीची जात हीच. फरक इतकाच की इथे वाफ जळते ती जाळीच्या आत. बर्लिनच्या माक्स ग्रेट्झच्या कारखान्यातून निघालेल्या बत्तीचे नाव 'पेट्रोमॅक्स'. पेट्रोलियममधले 'पेट्रो' आणि मालकाचे 'माक्स'. जाळीची कल्पना ऑस्ट्रियातल्या आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञाची. तिच्यात नव्याण्णव भाग थोरियमचे आणि एक भाग सेरियमचे भस्म. आणि हे थोरियम कुठून जाई, ठाऊक आहे? १९०९ साली त्रावणकोरच्या समुद्रकाठच्या वाळूत त्याचा साठा सापडला, आणि ती वाळू जर्मनीला जाऊ लागली. म्हणजे आपल्याच देशाची वाळू युरोपात जाऊन प्रकाश बनून परत आपल्या वरातीत डोक्यावर मिरवे. बत्ती आली तसे तमाशाच्या फडातले टेंभे आणि हिलाल मागे पडले. पूर्वी नाचणारीचा चेहरा धुरातून दिसे, आता डोळ्यांतले काजळही दिसू लागले. कलेवर याचा परिणाम झाल्याशिवाय कसा राहील? पण बत्ती डोक्यावर धरून लग्नाच्या पुढे चालणारा माणूस मात्र बहुधा त्या मांडवात पंगतीला नसे. उजेड सगळ्यांना मिळाला, पान सगळ्यांना मिळाले नाही.

कंदिलाविषयी थोडक्यात सांगतो. परदेशी कंदिलांच्या बाजारात स्वदेशी कंदील उभा केला तो कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीने. ओगले बंधूंचा काचकारखाना तिथे १९१६ साली सुरू झाला, औंध संस्थानच्या आश्रयाने. आणि वडिलांच्या नावावरून त्यांनी कंदिलाला 'प्रभाकर' असे नाव दिले. कारखाना पुढे बंद पडला, पण 'प्रभाकर कंदील' हे शब्द घराघरांत राहिले. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा दिवसभर रानात राबून आलेली मोठी माणसे रात्री पाटी घेऊन बसत. वीज बहुतेक गावांत नव्हती. त्या वर्गांवर उजेड कशाचा असेल, ते वेगळे सांगायला नको. राज्याचे वीज मंडळ १९६० साली झाले आणि कोयनेची वीज १९६२ साली वाहू लागली. पण ती खांबाखांबाने वाडीवस्तीवर पोचायला आणखी कितीतरी पावसाळे जावे लागले.

आता दुरुस्ती. स्टोव्ह खाली आणलात, पुसलात. पहिली चूक बहुतेक सगळे करतात ती इथेच : चिंच, राख, नाहीतर सरळ तेजाब घेऊन घासायला बसतात. थांबा! आधी भिंग घ्या. टाकीवर अक्षरे असतील. प्रायमसच्या स्टोव्हवर १९११ पासून सालाचे इंग्रजी अक्षर उठवलेले असते, त्यावरून वय कळते. आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची रीत, तशी ठिपक्याठिपक्यांनी काढलेली नावे स्टोव्हवरही सापडतात. माझ्या एका विद्यार्थ्याने आणलेल्या टाकीवर असेच एका स्त्रीचे नाव, गावाचे नाव आणि 'आहेर' एवढा शब्द होता. तेजाबाने घासला असता तर टाकी झगमगली असती आणि ती बाई पुसली गेली असती.

मग जोड पाहा. कुठे डाख दिलेला दिसेल. कुठे तीन पायांपैकी दोन पितळी आणि एक लोखंडी सळईचा असेल. कुठे टाकी स्वीडनची आणि बर्नर देशी असेल. हौशी माणसाला हे दोष वाटतात. तो मूळ भाग मिळवून स्टोव्ह 'अस्सल' करू पाहतो. मला हे पटत नाही. १९४० नंतर महायुद्धामुळे स्वीडनचा माल इकडे येणे अवघड झाले. १९४२ साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तिथले तेल आपल्याला बंद झाले. रॉकेल रेशनवर गेले. अशा काळात कारागिराने जे हाताशी मिळाले त्याने स्टोव्ह चालता ठेवला. ती लोखंडी सळई म्हणजे त्या कारागिराची सही आहे. ती काढून नवा पितळी पाय बसवला तर स्टोव्ह देखणा होईल, पण त्याची सही जाईल.

बाकी काम सोपे आहे. पंपाचे चामडी वायसर वाळून आखडलेले असते. ते गोड्या तेलात रात्रभर भिजवा, कडा बोटाने पसरवा, पंप पुन्हा हवा धरू लागतो. पंपाच्या बुडाशी झडप असते, तिच्यातला बुचाचा तुकडा कुजलेला असतो, तो बदलावा लागतो. निपलमध्ये पिन घालायची ती सरळ. आडवी फिरवली तर भोक मोठे होते आणि स्टोव्ह कायमचा पिवळा जळतो. टाकी गळते का ते पाहायला रॉकेल लागत नाही. रिकाम्या टाकीत थोडी हवा भरा आणि साबणाचे पाणी लावा, बुडबुडे येतील तिथे भोक. जुन्या काकड्यात आणि वेष्टणात काही वेळा ॲस्बेस्टॉस असते, ते कुस्करू नका. बत्तीच्या जुन्या जाळीची राखही फुंकू नका. थोरियम किरणोत्सर्गी आहे, श्वासातून आत जाऊ देऊ नये.

मघाशी मी भडक्याविषयी पुन्हा बोलेन म्हटले होते. ते बोलल्यावाचून या वस्तूचा इतिहास पुरा होत नाही, आणि ते बोलायला मला जड जाते. ज्यांनी १९७० ते १९९० या वर्षांतली मराठी वर्तमानपत्रे वाचली आहेत त्यांना ते वाक्य आठवत असेल : स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. आतल्या पानावर, चार ओळींत. खरे अपघातही होत होते, यात शंका नाही. निपल तुंबलेला, पंप जादा मारलेला, पदर नायलॉनचा, पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतलेले, कधी रॉकेलात भेसळ. पण स्टोव्हचा भडका उडतो तो सासूवर कसा उडत नाही, नवऱ्यावर कसा उडत नाही, बहुतेक वेळा नव्या सुनेवरच कसा उडतो, हा प्रश्न बायकांनी रस्त्यावर येऊन विचारला. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेचे 'मुलगी झाली हो' हे नाटक गावोगाव फिरू लागले. त्याच वर्षी भारतीय दंडविधानात कलम ४९८-अ आले. १९८६ साली हुंडाबळीचे ३०४-ब हे कलम आले. लग्नापासून सात वर्षांच्या आत भाजून किंवा संशयास्पद रीतीने स्त्री मेली आणि त्याआधी हुंड्यासाठी तिचा छळ झालेला असला, तर तो हुंडाबळी धरला जाऊ लागला. २०२४ पासून याच तरतुदी भारतीय न्याय संहितेत आहेत. हुंडाबंदीचा कायदा मात्र १९६१ चा आहे, हेही या तारखांशेजारी लिहून ठेवा.

या सगळ्यात स्टोव्ह मुका नव्हता. दाबाने टाकी फुटली तर तिचे बूड फुगते, जोड उसवतो. टाकी शाबूत, चावी जागच्या जागी, बर्नर थंड आणि कोरडा, आणि तरीही अंगावरचे कपडे रॉकेलने भिजलेले, अशी अवस्था असेल तर स्टोव्ह काही वेगळेच सांगत असतो. पंचनाम्यात हे नीट लिहिले गेले की न्यायालयात उपयोगी पडे. नुसते 'एक जुना पितळी स्टोव्ह' एवढेच लिहिले गेले की साक्षीदार गप्प झाला. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, वस्तू कशी होती ते आधी लिहा, मग तिला हात लावा. ही शिस्त इतिहासाची, आणि न्यायाचीही तीच.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी समया, दिवे, अडकित्ते असल्या घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि १९६२ साली तो संग्रह राज्याच्या स्वाधीन केला. लोक त्यांना वेड्यात काढीत असतील. आज त्यांचे संग्रहालय पाहायला परगावाहून माणसे येतात. स्टोव्हला असा केळकर अजून भेटलेला नाही. सिलिंडर आला, २०१६ पासून उज्ज्वला योजनेने तो झोपडीतही गेला, आणि पितळेचा भाव चढला तसे स्टोव्ह वजनावर मोडीत गेले. शिधापत्रिकेवर मिळणारे ते निळे रॉकेलही आता फारसे कुणी मागत नाही. शेजारच्या फलटणला निंबकर संस्थेत मात्र या जुन्या युक्तीवर पुढेही काम झाले. 'नूरी' नावाचा दाबाचा कंदील आणि पुढे उजेड व स्वयंपाक एकदमच करणारा 'लॅनस्टोव्ह' तिथल्या संशोधकांनी तयार केला. म्हणजे लिंडक्विस्टची कल्पना सव्वाशे वर्षांनंतरही अगदीच मोडीत निघालेली नाही.

गुरुजींनी आणि बाईंनी एवढे करून पाहावे. बाजारपेठेत आज गॅसच्या शेगड्या आणि मिक्सर दुरुस्त करणारे जे म्हातारे कारागीर बसतात, त्यांतले बरेच मूळचे स्टोव्हवाले. त्यांच्यापाशी मुलांना घेऊन अर्धा दिवस बसावे. कोणत्या हत्याराला ते काय म्हणतात, वायसरचे चामडे कुठून आणीत, लग्नसराईत दिवसाला किती बत्त्या दुरुस्तीला येत, हे मुलांनी त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवावे; शुद्धलेखनाची काळजी नंतर करता येईल. घरोघरचे स्टोव्ह पाहावेत, अक्षरे आणि नावे कागदावर टिपावीत, कुणी घेतला, कधी घेतला, शेवटचा कधी पेटला ते आजीला विचारावे. आजी सांगता सांगता गप्प झाली तर तिथे फार खोदू नये. आणि स्टोव्ह शाळेत आणलाच तर पेटवून दाखवण्याच्या फंदात पडू नका. टाकीतले असेल नसेल ते रॉकेल आधी बाहेर काढा, आणि चावी सैल ठेवा, म्हणजे एखाद्या वांड पोराने पंप मारलाच तरी हवा आत साठणार नाही.